पाळणाघरें आणि परवाने

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक शब्द मोठ्या समाधानानें उच्चारला जातो. नवरा-बायको दोघेंही नोकरीस जाणारीं, आजी-आजोबा गांवीं किंवा आपापल्या दुखण्यांच्या अधीन, आणि घरांत वर्ष-सव्वा वर्षाचें मूल, अशा घरीं मुलाची सोय काय केली असें विचारलें, म्हणजे उत्तर येतें, "जवळच एक पाळणाघर आहे, परवानाधारक आहे." ह्या शेवटल्या शब्दाबरोबर बोलणाराचा चेहरा असा निवांत होतो, कीं पुढें कांहीं विचारणें म्हणजे त्या घरच्या सुखांत विनाकारण खडा टाकणें होय असें वाटावें. आम्हांस तो खडा टाकावयाचा आहे. मूल ज्या दारांतून सकाळीं नऊ वाजतां आंत जातें व सायंकाळीं सात वाजतां बाहेर येतें, त्या दारावरील कागदापाशींच जर आईबापांची चौकशी संपत असेल, तर तो कागद नसता तर बरें झालें असतें, असें म्हणण्यापर्यंत आमची मजल गेली आहे. कां, तें सांगतों.

दुसऱ्या कोणत्याही व्यवहारांत पैसे देणारा व भोगणारा हे बहुधा एकच असतात. खाणावळींत वरण आंबलें तर जेवणारा पान बाजूला सारतो व मालकास चार शब्द ऐकवितो. पाळणाघरांत पैसे देणारा एक आणि भोगणारा दुसरा. आणि हा दुसरा असा, कीं त्याला अजून वाचा फुटलेली नाहीं. दुपारभर तें ओल्या दुपट्यांत पडून राहिलें, कोणीं त्याचा दंड जोरानें ओढला, दूध पातळ करून पाजलें, तर तें मूल फार झालें तर रडेल. आणि घरीं आल्यावर रडणाऱ्या मुलाविषयीं आपण काय म्हणतों? दांत येत असतील! जेथें फिर्यादी मुका आहे तेथें त्याच्या वतीनें पाहणारांचे डोळे दुप्पट उघडे हवेत. आपण मात्र ते एका चौकटीवर टेकवून मोकळे झालों आहों.

आतां हा कागद असतो तरी काय, तें पाहूं. पुण्यामुंबईच्या उपनगरांत सोसायटीच्या तळमजल्यावर दोन-तीन खोल्यांची जागा घेऊन पाळणाघर निघतें, आणि तेथें प्रवेश करतांच समोर जो कागद लावलेला दिसतो तो पुष्कळदां दुकानें व आस्थापना यांच्या कायद्याखालचा असतो. लोक त्यास 'शॉप ॲक्ट' किंवा 'गुमास्ता' म्हणतात. हाच कागद शेजारच्या इस्त्रीवाल्यापाशीं असतो, समोरच्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानांत असतो, आणि कोपऱ्यावरील केशकर्तनालयांतही असतो. महाराष्ट्रानें २०१७ सालीं ह्या विषयाचा जो नवा कायदा केला त्यानें तर लहान आस्थापनांवरचें नोंदणीचें ओझेंही उतरविलें. थोडे नोकर ठेवणाऱ्या मालकानें सरकारास नुसती सूचना द्यावी व तिची पावती घ्यावी, इतकेंच उरलें. व्यापाराच्या सोयीसाठीं हें योग्यच असेल. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. पण ही पावती देणाऱ्या खात्यानें त्या खोल्यांत रांगणारें मूल कोठें रांगतें, त्याला भरविणारी बाई कोण, गॅसची शेगडी मुलांच्या हाताला लागते कीं काय, ह्यांतलें कांहीं पाहिलें असेल अशी समजूत करून घेणें म्हणजे इस्त्रीवाल्याच्या पावतीवरून त्याला बालसंगोपन येतें असें अनुमान काढण्यासारखें आहे. त्या पावतीशेजारीं दुसरी एक अधिक रंगीत चौकट असते. ती एखाद्या मोठ्या कंपनीची आपण शाखा आहों असें सांगणारी. तीवर इंग्रजी नांव, सोनेरी मोहर आणि हंसऱ्या मुलाचें चित्र. ह्या चौकटीसाठीं संचालकानें कंपनीस पैसे मोजलेले असतात, आणि ते कोणाच्या शुल्कांतून वसूल होतात हें सांगावयास नको.

इतकें वाचून एक वर्ग आनंदानें पुढें सरसावेल हें आम्हांस ठाऊक आहे. "आम्ही म्हणतच होतों! मूल आईनेंच वाढवावें, पाळणाघर ही मुळांतच नसती पीडा," असें म्हणणाऱ्या ह्या मंडळींशीं आमचें यत्किंचित् साम्य नाहीं. कामावर जाणारी आई ही काल-परवांची नवलाई नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत हजारों स्त्रिया राबत होत्या तेव्हां त्यांचीं तान्हीं मुलें अफूची 'बाळगोळी' देऊन निजविलीं जात. मजुरांच्या स्थितीचा विचार करणाऱ्या रॉयल कमिशनच्या १९३१ सालच्या अहवालांत मुलांस अफू देण्याच्या ह्या चालीची दखल आहे. त्या गोळीवर खरा उतारा होता तो पाळणाघराचाच. पॅरिस शहरीं फिर्मँ मार्बो ह्या गृहस्थानें १८४४ सालीं पहिलें 'क्रेश' उघडलें तेंही कामकरी स्त्रियांच्या मुलांसाठींच. (ह्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ गव्हाण, आपला 'पाळणा' त्यापेक्षां खचित गोड आहे.) स्वतंत्र भारतानें १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यांत, ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया कामास असल्यास पाळणाघर ठेवलेंच पाहिजे, असें घातलें. तात्पर्य, पाळणाघर असावें कीं नसावें हा वाद संपून जमाना झाला. जे तो अजून उकरून काढतात, त्यांनीं आपल्या घरची मोलकरीण सकाळीं भांड्यांस येते तेव्हां तिचें मूल कोठें असतें, तें एकदां तिला विचारावें.

कोणी म्हणेल, कीं परवान्याचा दोष हा आपल्याकडील ढिलाईचा. जेथें खरोखर तपासणी करून परवानगी देतात तेथें तरी कागदावर विसंबण्यास हरकत नसावी. ह्यास मेक्सिकोंतील एर्मोसियो शहराचें उदाहरण पुरे आहे. सोनोरा प्रांताच्या ह्या राजधानींत 'ए.बी.सी.' नांवाचें पाळणाघर होतें. तें कोणा एकट्या-दुकट्यानें चोरून चालविलेलें नव्हतें. देशाच्या सामाजिक विमा संस्थेनें नोकरदार आयांच्या मुलांसाठीं खाजगी चालकांस करारानें दिलेलें तें अधिकृत पाळणाघर होतें. ५ जून २००९ रोजीं दुपारीं, पुष्कळ मुलें निजलेलीं असतांना, शेजारच्या वखारींत आग लागली. त्या वखारींत सरकारी दप्तरें भरलेलीं होतीं. पाळणाघराची इमारतही मुळांत वखारच होती. मुलांसाठीं रंगरंगोटी करून ती सजविली होती, पण वरच्या बाजूस भराभर पेटणाऱ्या फोमचें अस्तर तसेंच होतें. आग भिंतीवरून छतांत शिरली, आणि छत जळत जळत खालीं गळूं लागलें. संकटसमयीं उघडावयाचा दरवाजा संकटसमयीं उपयोगी पडला नाहीं. बाहेर जमलेल्या लोकांपैकीं एकानें आपली मोटार भिंतीवर आदळून आदळून भोकें पाडलीं, व त्यांतून मुलें बाहेर काढण्यांत आलीं. एकोणपन्नास मुलें दगावलीं. आणि आतां मुख्य गोष्ट ऐका: ह्या घटनेपूर्वीं थोडेच दिवस, त्याच मे महिन्यांत, ह्या पाळणाघराची सुरक्षिततेची तपासणी झाली होती, आणि तींत तें उत्तीर्ण झालें होतें!

तपासणारानें काय पाहिलें असेल? त्यानें दरवाजा आहे कीं नाहीं तें पाहिलें असेल. उघडतो कीं नाहीं तें पाहिलें नसेल. कागद हा दरवाज्याची संख्या सांगूं शकतो. कडी कोणत्या बाजूनें लागते हें तो सांगत नाहीं. त्या मुलांच्या आईबापांनीं पुढें वर्षानुवर्षें रस्त्यावर येऊन दाद मागितली. २०११ सालीं मेक्सिकोच्या संसदेनें पाळणाघरांसंबंधीं देशभर लागू होणारा कायदा केला, व त्यास तेथील लोक '५ जूनचा कायदा' ह्याच नांवानें ओळखतात. आपल्याकडे चोरांच्या भयानें तळमजल्याच्या प्रत्येक खिडकीस लोखंडी जाळी असते, गॅलरी गजांनीं बंद केलेली असते, आणि मुलें पळून जाऊं नयेत म्हणून पुढच्या दारास आंतून कुलूप घालून किल्ली एका बाईच्या कमरेला असते. अशा जागेंत वीस मुलें आहेत आणि स्वयंपाकघराच्या बाजूस धूर झाला आहे, अशी कल्पना करून पाहावी. ती बाई त्या क्षणीं मागल्या खोलींत कोणाचें दुपटें बदलत असेल तर? गेल्या वर्षीं पुण्याच्या एका उपनगरांत ओळखीच्या एका घरासाठीं आम्ही पाळणाघर पाहावयास गेलों असतां, दुसरें दार कोठें आहे असा प्रश्न आम्हीं केला. संचालिकाबाई मनमोकळ्या हंसल्या व म्हणाल्या, "आजवर कोणीं हें विचारलेंच नाहीं हो! फोनवर कॅमेरा दिसतो का, एवढेंच सगळे विचारतात." दुसरें दार होतें, त्याच्यापुढें गाद्यांची चळत रचलेली होती.

तथापि आग ही क्वचित् लागते. पाळणाघराचा खरा कस लागतो तो रोज. आणि तो लागतो एका साध्या संख्येवर, जी कोणत्याही जाहिरातींत सांपडत नाहीं. ती संख्या म्हणजे एका बाईच्या वांट्यास येणारीं मुलें. २०१७ सालीं मातृत्वलाभाच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी पडली. त्यास अनुसरून केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २०१८ सालीं किमान मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्यांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागें एक शिकलेली बाई, व त्यांहून मोठ्या वीस मुलांमागें एक, असें प्रमाण सांगितलें आहे, मदतनीस निराळी. जागा प्रत्येक मुलास दहा-बारा चौरस फूट, म्हणजे तीन हात-चार हातही नव्हे, तीन फूट-चार फुटांच्या सतरंजीएवढी. आतां ह्या 'दहां'चा हिशेब घरच्या घरीं करून पाहा. वर्षाच्या मुलास एकदां नीट भरवावयास पंधरा मिनिटें लागतात, हें ज्यानें मूल भरविलें आहे तो कबूल करील. किंबहुना फार कमी सांगितलीं म्हणून हंसेल. दिवसांतून तीन वेळां भरविलें तर दहा मुलांचे साडेसात तास झाले. दिवसांतून चारदां कपडे बदलून स्वच्छ करावयाचें, दर वेळीं पांच मिनिटें. त्याचे आणखी तीन तास वीस मिनिटें. पाळणाघराचा दिवस दहा तासांचा, आणि कामच अकरा तासांच्या घरांत गेलें! ह्यांत कडेवर घेणें नाहीं, झोंपविणें नाहीं, पडलें तर उचलणें नाहीं, आणि बोबड्या बोलाला उत्तर देणें तर नाहींच नाहीं. मदतनीस अर्धें काम उचलील म्हणाल, तर तिला लादी पुसणें, बाटल्या उकळणें व दार उघडणें आहेच.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं नातवंडें आज कॅलिफोर्नियांत किंवा इंग्लंडांत वाढत आहेत, आणि तेथें सहा महिने राहून आलेल्या आज्या तिकडील पाळणाघरांचें वर्णन ऐकवितात. त्यांनीं तिकडील खेळण्यांविषयीं सांगावें त्याऐवजीं ही संख्या सांगितली तर उपकार होतील: कॅलिफोर्नियाच्या परवानाधारक केंद्रांत अर्भकांच्या वर्गाला चारांमागें एक, आणि इंग्लंडांत दोन वर्षांखालील तीन मुलांमागें एक. तिकडील बायकांना हात दोनच असतात, आणि आपल्याकडील बायकांनाही दोनच. मग येथें त्या दोन हातांत दहा मुलें मावतील हें गणित कोणीं मांडलें? "आमच्या आईनें एकटीनें सात मुलें वाढविलीं," असें उत्तर ह्यावर ठरलेलें आहे. तीं सातही एकाच वर्षाचीं होतीं काय? थोरली बहीण धाकट्यास कडेवर घेत असे, आत्या न्हाऊं घाली, काकू भरवी, आणि आजोबा अंगणांत बसून कोण विहिरीकडे जातें त्यावर नजर ठेवीत. तो सर्व परिवार हिशेबांतून वगळून आपण त्या माउलीस 'एकटी' म्हणतों, इतकेंच.

ह्या दोन हातांची मालकीण कोण? तिला आपण 'मावशी' म्हणतों. 'माय मरो, मावशी उरो' अशी म्हण ज्या भाषेंत आहे त्या भाषेंत हें नातें कांहीं लहानसहान नव्हे. परंतु आपल्या मुलाच्या ह्या मावशीचें आडनांव किती आईबापांस सांगतां येईल? ती किती दिवसांपासून तेथें आहे, तिच्या आधीं जी होती ती कां गेली, आणि दरमहा तिच्या हातांत काय पडतें, हे प्रश्न विचारणें आपणांस असभ्यपणाचें वाटतें. मोटार चालविणारा ठेवतांना आपण त्याच्या मागच्या चार ठिकाणांची चौकशी करतों आणि त्याला चांगला पगार देतों, कारण मोटार महाग असते! पाळणाघराच्या संचालकावर भाड्याचा व कंपनीच्या चौकटीचा बोजा असतो. तो काटकसर करतो ती मावशीच्या पगारांत, कारण तेवढी एकच जागा अशी आहे कीं जेथील काटकसर आईबापांच्या डोळ्यांस दिसत नाहीं. पगार तुटपुंजा म्हणून ती तीन महिन्यांनीं दुसरीकडे जाते; नवी येते; मुलाला मात्र ओळख करून घ्यावयास पुन्हां पहिल्यापासून आरंभ. दर तीन महिन्यांनीं ज्याची आई बदलते त्या मुलाची आपण कींव करूं. ज्याची मावशी बदलते त्याच्याविषयीं "रुळेल हळूहळू" असें म्हणतों.

ही नुसती भावनेची गोष्ट नव्हे. अमेरिकेंत १९९१ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासांत तेराशेंहून अधिक मुलांचा जन्मापासून पुढें कित्येक वर्षें मागोवा घेण्यांत आला. पाळणाघराचा चांगुलपणा त्यांनीं मुख्यतः एका गोष्टीवरून मोजला: सांभाळणारी बाई मुलाकडे पाहते का, बोलते का, त्याच्या रडण्यास व बोबड्या बोलास उत्तर देते का. जेथें असें होई तेथील मुलें भाषेंत व समजशक्तींत थोडीं पुढें दिसलीं. आणि जेथें एका बाईमागें मुलें थोडीं व बाई शिकलेली, तेथें असें घडण्याचा संभव अधिक आढळला. घराचा परिणाम पाळणाघराहून मोठा, असेंही त्या अभ्यासानें सांगितलें. तेव्हां नोकरी करणाऱ्या आईनें उगाच मनास खात बसण्याचें कारण नाहीं. आणि चांगलें पाळणाघर श्रीमंतांनाच परवडतें, अशी जर कोणाची समजूत असेल तर तिला उत्तर आपल्याच देशांत आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, व गोरगरिबांच्या आणि पुढें कोसबाडास आदिवासींच्या मुलांसाठीं गांवांतल्याच वस्तूंतून शिक्षणाचीं साधनें उभीं केलीं. मीरा महादेवन यांनीं १९६९ सालीं दिल्लींत इमारतीच्या बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठीं पहिलें फिरतें पाळणाघर काढलें. ह्या कामांत सोनेरी मोहर कोठेंच नव्हती. शिकविलेली बाई मात्र होती.

परवान्याच्या खालोखाल आज ज्याच्यावर भोळी श्रद्धा बसली आहे तो देव म्हणजे कॅमेरा. कचेरींत बसून आई फोनवर आपलें मूल पाहते. आणि पाहणें म्हणजेच राखणें असें तिला वाटूं लागतें. २०१६ च्या नोव्हेंबरांत नवी मुंबईंतील खारघर येथल्या एका पाळणाघरांत आयानें दहा महिन्यांच्या मुलीस अमानुष मारहाण केल्याचें उघडकीस आलें तेव्हां महाराष्ट्र हादरला होता. उघडकीस आलें कसें? मुलीची दुखापत आईबापांच्या लक्षांत आली, आणि मग कॅमेऱ्यांतील चित्रण तपासण्यांत आलें. म्हणजे मार बसत होता त्या वेळीं कॅमेरा चालूच होता! कॅमेरा हा साक्षीदार आहे, राखणदार नव्हे. न्यायालयांत तो उपयोगी पडेल. हात अडविण्यास तो पुढें येत नाहीं. शिवाय तो जें दाखवितो तें मुकें व वासहीन असतें. दुधाची बाटली आंबट झाली आहे, खोलींत ओलीचा कुबट वास आहे, मावशीचा आवाज दुपारीं तीन वाजतां कसा चढतो, हें त्यास कळत नाहीं. आम्ही कॅमेऱ्याविरुद्ध नाहीं; फक्त तो दाखवून मावशींची संख्या कमी करण्याच्या युक्तीविरुद्ध आहों. आणि ही युक्ति सर्रास चालते.

मग आईबापांनीं पाहावें तरी काय? दुपारचें पाळणाघर पाहावें. सकाळीं नऊ वाजतां सगळींच पाळणाघरें नुकतीं न्हालेलीं असतात. दुपारीं दोन-अडीचला, न सांगतां जावें आणि मुलें निजलीं आहेत तीं कशीं, हें बघावें. लहान बाळ उताणें, सपाट अंथरुणावर, उशीवांचून निजविलेलें असलें पाहिजे. डोकें गोल व्हावें म्हणून मोहरीची उशी देण्याची आपल्या आजीबाईंची चाल प्रेमाची खरी, पण तान्ह्याच्या पाळण्यांत मऊ व भुसभुशीत कांहींच नसावें असें आजचें वैद्यक सांगतें. बाळास उताणें निजवावें असा प्रचार अमेरिकेंत १९९४ सालीं सुरू झाल्यावर तेथील बाळांच्या झोंपेंतील अकस्मात् मृत्यूंचें प्रमाण पुढील वर्षांत सुमारें निम्म्यानें उतरलें. दुसरें, सगळींच मुलें एकाच वेळीं, एकाच गाढपणें निजलेलीं दिसलीं तर कौतुक करूं नये. मुलें घड्याळाच्या ठोक्यावर झोंपत नसतात. सर्दीवरचें गुंगी आणणारें औषध चमचाभर दिलें तर झोंपतात. गिरणगांवची बाळगोळी गेली. तिची धाकटी बहीण बाटलींतून आली असेल तर ती ओळखतां यावयास हवी. म्हणून औषधांची पेटी पाहावी. कोणत्या मुलास काय दिलें, कोणाच्या लेखी सांगण्यावरून दिलें, हें लिहिण्याची वही आहे का, तें विचारावें. संडास-मोरी पाहावी. मूल न्यावयास अनोळखी माणूस आला तर त्याच्या हवालीं करतात काय, हेंही विचारावें. "आम्ही ओळखतोंच सगळ्यांना" हें उत्तर पुरेसें नाहीं.

न सांगतां जाण्यास संचालकांचा विरोध असतो, व त्याचें कारण ते मोठ्या शहाणपणानें सांगतात: मुलांची झोंप मोडते, आई दिसली कीं मूल रडतें. ह्यांत थोडें तथ्य आहे. परंतु कॅलिफोर्नियांत मुलें केंद्रांत असतील त्या वेळीं पूर्वसूचना न देतां आंत येऊन पाहण्याचा आईबापांचा हक्क नियमानें मान्य आहे आणि तो हक्क त्यांस लेखी कळवावा लागतो. तेथील मुलें कांहीं झोंपेवांचून वाढत नाहींत. आपल्या २०१७ च्या दुरुस्तीनेंही आईस दिवसांतून चार वेळां पाळणाघरांत जाण्याची मुभा दिली होती, व तीच तरतूद पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आली आहे. ज्या दारांतून मुलाचा बाप दुपारीं जाऊं शकत नाहीं त्या दारांतून त्यानें सकाळीं मूल आंत देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो खोटा नाहीं. तीन-चार मुलांमागें एक मावशी ठेवली व तिला माणसासारखा पगार दिला, तर शुल्क वाढेल. मध्यम स्थितींतल्या कुटुंबास तें जड जाईल, आणि मोलकरणीच्या मुलाच्या तर तें स्वप्नांतही नाहीं. परंतु तो खर्च आज कोणी करीत नाहीं असें नाहीं. तो मावशी आपल्या पगारांतून करते आणि मूल आपल्या ओल्या दुपट्यांतून करतें. तो मालकांनीं, सरकारनें आणि आईबापांनीं वांटून घ्यावा हें रास्त. पन्नासांची मर्यादा घातल्यानें लहान दुकानांत, दवाखान्यांत, शिकवणींच्या वर्गांत काम करणाऱ्या असंख्य स्त्रिया कायद्याच्या बाहेर राहिल्या आहेत. केंद्र सरकारच्या २०२२ पासूनच्या 'पाळणा' योजनेंत अंगणवाड्यांनाच पाळणाघराची जोड देण्याचा बेत आहे. तो जर नेटानें तडीस गेला तर मोलकरणीचें मूल व तिच्या मालकिणीचें मूल यांना एकाच नियमाची सावली मिळण्याचा संभव आहे. तेथेंही पहिला प्रश्न हाच, कीं आधींच पोषण, लसीकरण, नोंदवह्या इत्यादि कामांनीं वांकलेल्या सेविकेच्या डोक्यावर तान्हीं मुलें ठेवणार, कीं त्यांच्यासाठीं निराळी बाई नेमणार.

सरकारनें परवाना द्यावाच. आम्ही तो रद्द करा असें म्हणत नाहीं. पण ज्या नगरपालिकेस उपाहारगृहांच्या मोऱ्या तपासतां येतात तिनें पाळणाघरांतही वर्षांतून दोनदां, न कळवितां, माणूस पाठवावा, आणि त्यानें काय पाहिलें तें मराठींत लिहून दारावर लावावें. तोंवर संचालकांना एक गोष्ट कोणत्याही कायद्यावांचून करतां येण्याजोगी आहे. त्यांनीं एका कागदावर तीन ओळी लिहाव्या: आज हजर मुलें किती, आज हजर मावशी किती, आणि त्यांतली प्रत्येक येथें किती वर्षें आहे. रोज सकाळीं हा कागद बदलावा. भिंतीवर जागा नाहीं अशी अडचण कोणी सांगूं नये. गुमास्त्याच्या चौकटीशेजारीं गाजर खाणाऱ्या सशाचें जें चित्र आहे, तें थोडें बाजूला सरकवितां येईल.